पेटंट संपलं, मग गोळी स्वस्त का होत नाही? मेडिकलच्या काउंटरवरचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मेडिकलमध्ये रोज जे विचारलं जातं, ते इथं एका जागी लिहिलं आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुठल्या आजाराला कुठली गोळी घ्यावी, हे इथं सापडणार नाही. तीच गोळी कमी पैशात कधी मिळते, कधी मिळत नाही आणि त्यात आमच्या धंद्याचा हात कुठं असतो, एवढंच सांगतो.

औषधाचं पेटंट संपतं म्हणजे नेमकं काय संपतं?

मूळ कंपनीची मक्तेदारी संपते. नवं औषध शोधणाऱ्या कंपनीला ते बनवण्याचा आणि विकण्याचा एकटीचा हक्क मिळतो, तो अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षं. त्यातली बरीच वर्षं चाचण्या आणि परवानग्यांत जातात, त्यामुळं औषध प्रत्यक्ष विकायला मिळणारी वर्षं त्याहून बरीच कमी असतात. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानं या गेलेल्या वेळेबद्दल पाच वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. आपल्याकडं अशी वाढ नाही, २० म्हणजे २०.

म्हणजे औषध एक्सपायर झालं?

नाही. पट्टीवरची एक्सपायरी त्या बॅचच्या गोळ्यांची असते, पेटंट सरकारदरबारी असतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

माझ्या बीपीच्या, शुगरच्या गोळीचं पेटंट कधी संपणार?

बहुधा ते भारतात कधी नव्हतंच. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडं संशयानं बघतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७० चा आपला पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूला, म्हणजे मूळ घटकाला, पेटंट मिळत नव्हतं, फक्त तो बनवायच्या पद्धतीला मिळायचं. दुसऱ्या पद्धतीनं तोच रेणू बनवला की तो विकायला मोकळीक होती. आपल्याकडच्या औषध कंपन्या मोठ्या झाल्या त्या याच काळात. पुढं जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळं कायदा बदलावा लागला आणि १ जानेवारी २००५ पासून रेणूलाही पेटंट मिळू लागलं, पण १९९५ नंतर अर्ज झालेल्या औषधांनाच. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अॅटोरव्हास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल हे सगळे रेणू त्याच्या आधीचे. साठीच्या माणसाच्या पिशवीत सहसा हीच नावं निघतात. यांच्यासाठी कुठल्या तारखेची वाट बघायची गरज नाही. स्वस्त पर्याय आधीच आहेत, ते मागायचे तेवढे.

पेटंटचा प्रश्न खरा येतो तो गेल्या वीसेक वर्षांत आलेल्या औषधांत. नावाला ‘ग्लिप्टिन’ किंवा ‘ग्लिफ्लोझिन’ असं शेपूट असलेल्या शुगरच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आणि कॅन्सरची बरीच औषधं त्यात मोडतात.

पेटंट नाही, तर मग एकाच औषधाच्या दोन पट्ट्यांत एवढा फरक का?

कारण भारतात आपण ज्याला ‘कंपनीची गोळी’ म्हणतो, ती बहुतेक वेळा जेनेरिकच, म्हणजे मूळ शोधाबरहुकूम दुसऱ्यानं बनवलेली, असते. फक्त तिला नाव दिलेलं असतं. मूळ शोध दुसऱ्याच कोणाचा तरी, पेटंट संपलेलं किंवा कधी नसलेलं. आपल्या कंपनीनं ती बनवली, नाव ठेवलं, एमआर (डॉक्टरांकडं फिरणारे कंपनीचे प्रतिनिधी) ठेवले, डॉक्टरांना नमुने दिले. त्या सगळ्याचा खर्च पट्टीच्या भावात येतो. तेव्हा जेनेरिक हवं की ब्रँडेड हा प्रश्न आपल्याकडं तितकासा बरोबर नाही. नाव लावलेलं महाग जेनेरिक हवं की कमी नावाचं स्वस्त जेनेरिक, असं विचारायला हवं.

पेटंट संपल्यावर भाव खरंच किती पडतो?

अलीकडचं सगळ्यात ठळक उदाहरण एम्पाग्लिफ्लोझिनचं. शुगरवर आणि हार्ट फेल्युअरमध्येही दिली जाणारी ही गोळी. भारतातलं पेटंट ११ मार्च २०२५ ला संपलं. त्याआधी मूळ ब्रँडची गोळी साठ रुपयांच्या घरात होती, म्हणजे दिवसाला एक धरली तरी महिन्याला अठराशे. पेटंट संपलं त्याच आठवड्यात दहा रुपयांच्या आतबाहेर भाव असलेले नवे ब्रँड बाजारात उतरले. महिन्याचे तीनशे. कागलहून, गडहिंग्लजहून तपासणीला येणारी आणि ‘पंधरा दिवसांचीच द्या’ म्हणणारी मंडळी त्यानंतर महिन्याची गोळी एकदम नेऊ लागली.

सिटाग्लिप्टिनचं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं. सप्टेंबरमध्ये जनऔषधी या सरकारी योजनेनं ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांची पट्टी ६० रुपयांना आणली. त्या वेळी बाजारातल्या नामांकित ब्रँडच्या पट्ट्या १६० रुपयांच्या पुढंच होत्या. व्हिल्डाग्लिप्टिनचंही डिसेंबर २०१९ मध्ये असंच झालं.

मात्र नवा ब्रँड आला म्हणून जुना ब्रँड त्याच्या पातळीला उतरेलच असं नाही. मूळ कंपनी भाव थोडा कमी करते, कधी तेवढाही नाही. जुनी माणसं नाव सोडत नाहीत, हे तिला चांगलं माहीत असतं.

पेटंट संपताच दुसऱ्या दिवशी इतक्या कंपन्यांची गोळी तयार कशी?

कायद्यातच सोय आहे. पेटंट कायद्याच्या कलम १०७ए नुसार, पेटंट चालू असतानाही दुसऱ्या कंपनीला परवानगीसाठी लागणारं संशोधन आणि चाचण्या करता येतात. विकता मात्र येत नाही. त्यामुळं गोळी, कागदपत्रं, पाकीट सगळं तयार ठेवून तारखेची वाट बघायची.

सगळ्या पेपरांत आलं, तरी माझी पट्टी त्याच भावानं का मिळते?

हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर ऐकून लोक सगळ्यात जास्त चिडतात.

तुमच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल, तर मला त्याऐवजी दुसरं देता येत नाही. औषध नियमावलीतला ६५(११ए) हा नियम स्पष्ट सांगतो की शेड्युल एच मधलं (चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं) औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या जागी दुसरं द्यायचं नाही, आत तोच घटक असला तरी नाही. म्हणजे पेटंट संपून दहा पर्याय माझ्या मागच्या कपाटात आले, तरी चिठ्ठीवरचं नाव बदलत नाही तोवर तुमच्या पिशवीत जुनीच पट्टी जाणार. वर्षभरापूर्वीची चिठ्ठी दाखवून ‘हेच द्या’ म्हणणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

यात माझं नुकसान नाही, हेही सांगून टाकतो. महाग पट्टीवर टक्क्यांनी मिळणारं मार्जिन रुपयांत जास्त भरतं.

मग डॉक्टरांना काय सांगायचं? रागावणार नाहीत ना?

‘स्वस्त गोळी द्या’ असं म्हणू नका. ते ऐकून डॉक्टरांना आपल्या निवडीवर शंका घेतल्यासारखं वाटतं. चिठ्ठी पुढं करून सरळ विचारा, ‘यातल्या कुठल्या गोळीचं पेटंट संपलंय का? तोच घटक, तेवढाच डोस, कमी भावात चालेल का?’ महिन्याचा औषधखर्च किती होतो तो आकडाही सांगा. बऱ्याच डॉक्टरांना गोळीचा आजचा भाव माहीत नसतो, कारण ती त्यांना विकत घ्यावी लागत नाही. आकडा ऐकला की त्यातले बहुतेक चिठ्ठी बदलून देतात.

घटकाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते आणखी कडक केले होते, पण डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध झाला आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. डॉक्टरांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. नुसतं घटकाचं नाव लिहिलं, तर कुठल्या कंपनीची पट्टी द्यायची हे दुकानदार ठरवणार. आणि दुकानदाराला कुठली पट्टी परवडते, हे वर सांगितलंच आहे. म्हणून चिठ्ठीवर घटकाचं नाव असेल तर काउंटरवर एक वाक्य आवर्जून बोला: ‘यात कुठकुठल्या कंपन्यांच्या आहेत, भाव सांगा.’ ऐकल्यावर तुम्हीच निवडा.

स्वस्त गोळीत पावर कमी असतीय व्हय?

असू नये, आणि नियमानं नसतेच. गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर आत किती असायला हवं याच्या मर्यादा इंडियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या सरकारी ग्रंथात, दिलेल्या आहेत. बहुतेक गोळ्यांना त्या ९० ते ११० टक्क्यांच्या आत असतात. नावाजलेली कंपनी असो की नवी, मर्यादा सारखीच.

‘जेनेरिकला ८० टक्के पावर चालते’ ही अफवा ८० ते १२५ टक्के या आकड्यावरून निघाली. तो आकडा गोळीतल्या औषधाचा नाही. मूळ गोळी आणि नवी गोळी निरोगी माणसांना देऊन रक्तात औषध किती आणि किती वेगानं पोहोचतं हे मोजतात. दोन्हींच्या गुणोत्तराचा अंदाज त्याच्या खालच्या आणि वरच्या टोकासकट या पट्ट्यात बसावा लागतो. तो बसायचा, तर सरासरी फरक प्रत्यक्षात थोडकाच असावा लागतो.

एक खरी उणीव आहे, ती लपवत नाही. ही रक्तातली चाचणी आपल्याकडं सगळ्या जुन्या गोळ्यांना सक्तीची नव्हती. पाण्यात कमी विरघळणाऱ्या गटांतल्या औषधांना ती सक्तीची झाली ती २०१७ मध्ये. त्याआधी परवाने मिळालेल्या बऱ्याच गोळ्या बाजारात आहेत, स्वस्तही आणि महागही. म्हणून भावावरून दर्जा ओळखायला जाऊ नका. सरकारी प्रयोगशाळांत नापास झालेल्या बॅचची यादी दर महिन्याला निघते. तिच्यात अनोळखी कंपन्या असतात, तशी नावाजलेलीही सापडतात.

कुठल्या गोळ्या उगाच बदलत बसू नयेत?

फिट्सच्या (फेनिटॉइन वगैरे), रक्त पातळ करणारी वॉरफरिन, मानसिक आजारावरची लिथियम, हृदयाची डिगॉक्सिन, थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन आणि किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन. यात डोस थोडा इकडंतिकडं झाला तरी अंगावर येतो. स्वस्त ब्रँड घेऊच नका असं नाही. एकदा डॉक्टरांना विचारून ठरवा, रक्त तपासून घ्या आणि मग त्याच ब्रँडवर टिका. दर महिन्याला जे दुकानात असेल ते उचलणं हा खरा धोका.

दुसरी चूक काउंटरवर रोज दिसते. गोळीच्या नावातलं मागचं शेपूट न बघता बदल. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ही हळूहळू सुटणारी, दिवसातून एकदा घ्यायची गोळी. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट वेगळी, ती सहसा दोनदा. दोन्हींवर मोठ्या अक्षरात मेटोप्रोलॉलच लिहिलेलं असतं. मेटफॉर्मिनच्या मागं एसआर किंवा ईआर (हळूहळू सुटणारी) असेल तर ती साध्या मेटफॉर्मिनच्या जागी परस्पर घेऊ नका. पट्टीच्या मागं बारीक अक्षरात घटक, क्षार (सक्सिनेट, टार्ट्रेट हे शेपूट) आणि मात्रा दिलेली असते. तिन्ही जुळले तरच ती ‘तीच गोळी’.

जनऔषधी केंद्र आणि ‘जेनेरिक मेडिकल’ अशी पाटी, दोन्ही एकच का?

नाही.

जनऔषधी ही केंद्र सरकारची योजना. पहिलं दुकान नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरला निघालं, आता देशभरात पंधरा हजारांहून जास्त आहेत. तिथल्या पट्टीवर ब्रँड नसतो, घटकाचं नाव असतं, छापील किंमतच कमी असते आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून येते. अडचण साठ्याची. चार गोळ्यांपैकी तीन मिळतात, चौथीसाठी परत हेलपाटा. जनऔषधी सुगम नावाचं अॅप आहे, त्यात जवळचं केंद्र आणि औषधाचा भाव बघून मग घराबाहेर पडलेलं बरं.

‘जेनेरिक मेडिकल’ पाटीची खासगी दुकानं वेगळी. तिथं बऱ्याचदा ट्रेड जेनेरिक असतं. कंपनी एमआर ठेवत नाही, माल थेट दुकानदाराला स्वस्त देते, पण पट्टीवर छापील किंमत मात्र भरपूर. समजा छापील १०० आणि दुकानदाराला पडली २०. त्यानं ‘सत्तर टक्के सूट’ म्हणून ३० ला दिली तरी त्याला फायदा. त्यानं ८० ला दिली तरी तुम्ही खूश, कारण वीस टक्के सूट मिळाली! सूट किती यापेक्षा दहा गोळ्यांना हातातून किती रुपये गेले ते बघा आणि तो आकडा जनऔषधीच्या भावाशी ताडून पाहा. सगळे दुकानदार असं करतात असं नाही, पण छापील किमतीवरून तुम्हाला ते कळणार नाही.

सरकार भावावर काही नियंत्रण ठेवत नाही का?

ठेवतं, काही औषधांवर. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या (२०२२ च्या यादीत ३८४) औषधांची कमाल किंमत एनपीपीए ही औषधांचे भाव ठरवणारी केंद्र सरकारची संस्था ठरवते. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांची सरासरी घेऊन त्यावर दुकानदाराचं १६ टक्के मार्जिन धरतात. यादीबाहेरच्या औषधांची किंमत वर्षाला जास्तीत जास्त १० टक्के वाढवता येते. ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अॅपवर घटकाचं किंवा ब्रँडचं नाव टाकून भाव बघता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो वेगळा दिलासा.

कंपन्या काहीतरी किरकोळ बदल करून पेटंट लांबवतात म्हणे?

प्रयत्न नक्की करतात. क्षार बदलायचा, गोळीचा प्रकार बदलायचा, दोन औषधं एकत्र करायची आणि नवा अर्ज टाकायचा. आपल्या कायद्यातलं कलम ३(डी) इथं आडवं येतं. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप असेल आणि त्यानं औषधाची परिणामकारकता वाढत नसेल, तर पेटंट नाही. रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिबसाठी नोव्हार्टिस ही मूळ कंपनी याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ ला हरली.

टीबीचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिनचं मुख्य पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. त्याच्या एका क्षारावर मूळ कंपनीनं नवं पेटंट मागितलं होतं, म्हणजे आणखी काही वर्षं मक्तेदारी. त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन होत्या. त्यांना स्वतःला टीबी झाला होता आणि उपचारांत त्यांची श्रवणशक्ती गेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतं, ही तरतूद आपल्या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते. कोल्हापूरच्या माणसानं घ्यायची झाली तर ज्या पेटंट कार्यालयात तो अर्ज झाला असेल तिथंच द्यावी लागते.

डापाग्लिफ्लोझिनच्या वेळी दोन पेटंटं होती. एक ऑक्टोबर २०२० ला संपलं, दुसरं मे २०२३ पर्यंतचं. दुसऱ्याच्या जोरावर इतरांना थांबवायची मागणी दिल्ली हायकोर्टानं नाकारली, त्यामुळं ही गोळी अडीचेक वर्षं आधीच स्वस्त झाली.

पेटंट चालू असतानाच औषध स्वस्त होऊ शकतं का?

दोन वाटा आहेत. मूळ कंपनी स्वतःहून दुसऱ्यांना परवाना देते, जसं हिपॅटायटिस सी वरच्या सोफोस्बुविरसाठी २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना मिळाले. दुसरी वाट सक्तीच्या परवान्याची, म्हणजे मूळ कंपनीची तयारी नसतानाही सरकार दुसऱ्याला देतं तो. किडनी आणि यकृताच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार होता. मार्च २०१२ मध्ये सरकारनं नॅटको या कंपनीला ते बनवायला परवानगी दिली आणि खर्च ८,८०० रुपयांवर आला. त्यानंतर असा परवाना भारतात दुसऱ्या कुठल्याच औषधाला मिळालेला नाही. माझ्या मते ही वाट कायद्यात आहे पण वापरायची सरकारची हिंमत नाही.

वजन कमी करायच्या इंजेक्शनचं पेटंट संपलं ना? द्या की एक.

रंकाळ्यावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींत सध्या याच्याइतकी चर्चा दुसऱ्या कशाची नसेल. औषधाचं नाव सेमाग्लुटाइड. त्याच्या भारतातल्या मुख्य पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. इंजेक्शनच्या पेनची यंत्रणा, गोळीची घडण यांची पेटंटं वेगळी असू शकतात, म्हणून सगळी रूपं एकाच दिवशी स्वस्त होतील असं धरू नका.

आणि नाही, चिठ्ठीशिवाय देणार नाही. डोस हळूहळू वाढवावा लागतो, मळमळ-उलट्या बऱ्याच जणांना होतात, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. लग्नाला दोन महिने आहेत म्हणून घ्यायचं हे औषध नव्हे.

इन्सुलिनचंही जेनेरिक असतं का?

गोळीसारखं नाही. इन्सुलिन किंवा कॅन्सरवरची ट्रॅस्टुझुमॅबसारखी इंजेक्शनं जिवंत पेशींकडून बनवून घेतात, त्यामुळं हुबेहूब नक्कल होत नाही. मूळच्या जवळात जवळ जाणाऱ्या औषधाला बायोसिमिलर म्हणतात, त्याच्या चाचण्याही जास्त असतात आणि भाव गोळ्यांइतका कोसळत नाही. ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना विचारूनच, पेन बदललं तर सुईसकट सगळं परत शिकून घेऊन.

कोल्हापुरी चपलेला आणि गुळाला पेटंट आहे, मग ते का संपत नाही?

ते पेटंट नव्हे, भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालाचंच नाव राखून ठेवणारा हक्क. गुळाला २०१४ मध्ये मिळालं, चपलेला २०१९ मध्ये. त्याचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येतं, म्हणून ते संपत नाही. (आणि शुगरच्या गोळ्या न्यायला आलेल्यांनी गुळाची चौकशी माझ्याकडं करू नये.)

गोळीनं गुण आला नाही, बनावट वाटते. काय करू?

आधी डॉक्टरांना दाखवा. डोस चुकणं, दुसऱ्या औषधाशी न जुळणं ही कारणं बनावट गोळीपेक्षा जास्त सापडतात. तरी शंका उरलीच तर उरलेल्या गोळ्या, पट्टी आणि बिल घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. औषध निरीक्षक त्या बॅचचा नमुना दुकानातून घेऊन प्रयोगशाळेत पाठवू शकतात. ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या तीनशे मोठ्या ब्रँडांच्या पाकिटावर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलवर स्कॅन केला की कंपनी, बॅच आणि एक्सपायरी दिसते, पट्टीवरच्या छपाईशी ती जुळते का ते बघा.

पण बिलच नसेल तर आम्ही विकली हे तुम्ही सिद्ध करणार कसं? दहा रुपयांच्या पट्टीचंही बिल मागून घ्या. आणि पट्टीच्या ज्या टोकाला बॅच नंबर छापलेला असतो, त्या बाजूच्या गोळ्या सगळ्यात शेवटी फोडा.